स्टीव्ह अर्लचा 'लाइव्ह अ‍ॅट माँत्रू २००५' ऐकण्यासारखा आहे का, की नुसती बुशविरोधी भाषणबाजी?

ऐकाच. अमेरिकन कंट्री गायक-गीतकार अर्लचा हा एकट्याने गिटारवर गायलेला लाइव्ह अल्बम. त्याचं 'कॉपरहेड रोड' तुम्हाला आवडतं, पण राजकीय गाणी वीस वर्षांत शिळी होतात, त्यात मागे बँडही नाही, मग ऐकायला उरतं काय, असं तुम्ही विचारलंय. मला उलटं वाटतं. बँड नाही म्हणूनच यातली बहुतेक गाणी टिकली आहेत. बहुतेक म्हणतोय, सगळी नाही. दोन-तीन गाण्यांपुरती तुमची शंका रास्त आहे, त्यांच्याकडे पुढे येतो.

आधी त्या सालाबद्दल थोडं. अर्लचा 'द रेव्होल्यूशन स्टार्ट्स नाउ' हा अल्बम ऑगस्ट २००४ मध्ये आला. अमेरिकेची अध्यक्षीय निवडणूक नोव्हेंबरमध्ये होती आणि अल्बम तिच्या आधी यावा ही घाई गाण्यांतही जाणवते. निवडणूक बुश जिंकले. अल्बमला पुढे ग्रॅमी मिळालं, पण ज्यासाठी तो केला होता ते काही झालं नाही. म्हणजे जुलै २००५ मध्ये स्वित्झर्लंडच्या माँत्रू जॅझ महोत्सवात गिटार घेऊन उभा राहिलेला माणूस हरलेल्या बाजूचा आहे. शिवाय परदेशात उभं राहून आपल्या अध्यक्षाविरुद्ध बोलणं कंट्री गायकांना किती महाग पडतं, हे दोनच वर्षांपूर्वी दिसलं होतं. २००३ मध्ये डिक्सी चिक्स या कंट्री बँडच्या नॅटली मेन्सने लंडनच्या कार्यक्रमात बुशबद्दल एक वाक्य काय उच्चारलं, अमेरिकेतल्या कंट्री रेडिओने त्यांची गाणी लावणंच बंद केलं. अर्लला ती भीती नव्हती. रेडिओवरून तो त्याच्या कितीतरी आधीच उतरला होता.

तो टेक्ससमध्ये वाढला आणि टाउन्स व्हॅन झँट आणि गाय क्लार्क या दोघा गीतकार-गायकांच्या तालमीत तयार झाला. या मंडळींचा दंडक साधा होता: गाणं एका गिटारवर, छोट्या खोलीत, अनोळखी माणसांसमोर उभं राहिलं पाहिजे. तिथे पडलं तर स्टुडिओत कितीही वाद्यं लावा, ते पडलेलंच. १९८६ च्या 'गिटार टाउन' या अल्बमने अर्लला नाव मिळालं. पुढे हेरॉइन आणि क्रॅकने त्याचं बरंच काही खाल्लं, १९९४ मध्ये तुरुंगवास झाला, व्यसनमुक्तीचे उपचार झाले. त्यातून बाहेर आल्यावर त्याने पहिला अल्बम केला तो 'ट्रेन अ कमिन'', बिनविजेच्या वाद्यांवरचा. त्यामुळे माँत्रूला एकटं गाणं ही काही हौस किंवा बचत नव्हती, तो त्याच्या मूळ पेशाकडे गेला होता.

आता गाणी. 'रिच मॅन्स वॉर' घ्या. नावावरून घोषणा वाटते, पण आत तीन माणसं आहेत. जिमी सैन्यात जातो, कारण गावातल्या नोकऱ्या मेक्सिकोला गेल्या आणि त्याला जायला दुसरी जागा नाही. बॉबीच्या दंडावर गरुड आणि झेंडा गोंदलेला, तो कंदाहारमध्ये भुतांच्या मागे धावतोय आणि घरी बायको, लेकरू आणि थकलेली बिलं. तिसरा अली, गाझामध्ये रणगाड्यांवर दगड फेकत वाढलेला. त्याला न्यायला मर्सिडीजमधून एक जाडजूड गृहस्थ येतो. स्टुडिओतल्या आवृत्तीत ढोल-गिटारचा रेटा असा आहे की ध्रुवपद अंगावर येतं आणि ही तिघं मागे पडतात. एकट्याच्या गिटारवर उलटं होतं. तिसरं कडवं सुरू होतं तेव्हा आपण जिमी-बॉबीच्या बाजूने कळवळलेले असतो, आणि अर्ल त्याच चालीत, त्याच आवाजात, अलीला त्यांच्या शेजारी आणून बसवतो. वेगळा सूर नाही, समजावणं नाही. २००५ मध्ये अमेरिकन गायकाने हे करणं म्हणजे काय होतं याचा विचार करा.

कीर्तनात पूर्वरंगात तत्त्व सांगतात आणि उत्तररंगात आख्यान. अर्ल चांगला गातो तेव्हा पूर्वरंग गाळून थेट आख्यानाला हात घालतो. गडबड होते ती तो पूर्वरंगात अडकतो तेव्हा.

आख्यानाचा सगळ्यात उत्तम नमुना 'एलिस युनिट वन', आणि केवळ त्या एका गाण्यासाठी मी हा अल्बम सुचवेन. 'डेड मॅन वॉकिंग' चित्रपटाच्या गाण्यांच्या अल्बमसाठी त्याने ते लिहिलं होतं. एलिस युनिट हा टेक्ससमधला हंट्सव्हिलजवळचा तुरुंग, जिथे १९९९ पर्यंत फाशीची शिक्षा झालेले कैदी ठेवत. गाणारा कैदी नाही, पहारेकरी आहे. लष्करातून परत आलेला साधा माणूस, बापाप्रमाणेच तुरुंगात नोकरीला लागलेला. बापाच्या वेळी विजेची खुर्ची होती, बाहेर कॉलेजची पोरं बिअर घेऊन जमायची आणि दिवे मंद झाले की जल्लोष करायची. आता लोक सुधारले, इंजेक्शन आलं, त्यामुळे कुणाला फारसं काही वाटत नाही. हे तो कुठलाही उपहास न करता सांगतो. शेवटी त्याला स्वतःलाच टेबलावर बांधल्याची स्वप्नं पडू लागतात. देहदंड वाईट आहे असं गाण्यात कुठेही म्हटलेलं नाही. अर्ल देहदंडाविरुद्ध अनेक वर्षं उघडपणे काम करत आलाय. जोनाथन नोबल्स या कैद्याशी त्याचा पत्रव्यवहार होता आणि १९९८ मध्ये त्याच्याच इच्छेवरून अर्ल त्याच्या मृत्युदंडाला साक्षीदार म्हणून हजर होता. इतकं पाहिलेला माणूस मंचावर किती रडारड करू शकला असता! तो पहारेकऱ्याच्या तोंडून बोलतो आणि गप्प बसतो.

'व्हॉट्स अ सिंपल मॅन टू डू'मध्येही तेच. मेक्सिकोतल्या तिहुआनाचा बेकार झालेला कामगार सीमेपलीकडे अमेरिकेतल्या सॅन डिएगोत माल पोहोचवताना पकडला जातो आणि तिथून ग्रासिएलाला पत्र लिहितो. 'डिक्सीलँड' आणखी मागे, अमेरिकन यादवी युद्धात जातं. तिथला किलरेन हा आयरिश सैनिक मायकल शाराच्या कादंबरीतून उचललेला आहे. ही दोन्ही ऐका, यांबद्दल वेगळं सांगण्यासारखं फार नाही.

आता तुमच्या बाजूचं. 'द रेव्होल्यूशन स्टार्ट्स नाउ' एकट्याच्या गिटारवर बारीक वाटतं. ते जमावाचं गाणं आहे, त्याला ढोल हवाच. 'वॉरियर' गाणं नसून पठण आहे. कागदावर मला आवडलं, ऐकताना दुसऱ्यांदा थांबलो नाही. आणि 'कोंडी, कोंडी' म्हणजे परराष्ट्रमंत्री कोंडोलीझा राइस यांना केलेली लाडीगोडी. त्या काळी हशा पिकला असेल, आज बातमीचा संदर्भ गेल्यावर विनोदही गेला. अगदी रोख नाव घेऊन लिहिलेलं गाणं लवकर म्हातारं होतं, हे इथे ढळढळीत दिसतं.

राजकारण बाजूला ठेवून गिटारसाठी ऐकायचं तर 'साउथ नॅशव्हिल ब्लूज' आणि 'सीसीकेएमपी' एकापाठोपाठ एक लावा. पहिलं हसतखेळत, अंगठा बेसच्या तारांवर ठेका धरून चाललेला, आणि शब्द मात्र पिस्तूल आणि शंभराची नोट घेऊन नशा आणायला निघालेल्या माणसाचे. दुसऱ्यात हसू संपलेलं असतं. नावातली अक्षरं 'कोकेन कॅनॉट किल माय पेन' या ओळीची: कोकेन आता वेदना मारत नाही, उरतं ते फक्त हेरॉइन, एवढंच काय ते गाणं. तुरुंगाबद्दल, सैनिकांबद्दल बोलायचा हक्क या माणसाला कुठून मिळाला हे या जोडीवरून समजतं, म्हणून ती मधोमध असणं मला योग्य वाटतं.

तुमचं 'कॉपरहेड रोड' शेवटाकडे आहे. १९८८ च्या आवृत्तीतला तो बॅगपाइपसारखा आरंभ आणि मग कोसळणारे ड्रम्स इथे नाहीत. सुरुवातीला चुकल्यासारखं वाटेल. पण व्हिएतनामहून परतलेला पेटीमोर घराण्याचा नातू, आजोबांची हातभट्टी आणि त्याचं गांजाचं शेत, ही गोष्ट इथे जास्त नीट ऐकू येते. टेनेसीने २०२३ मध्ये या गाण्याला अधिकृत राज्यगीतांत घेतलं. कायद्याला चकवणाऱ्या घराण्याचं गाणं सरकारी यादीत! असो.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो: त्याचं सगळ्यात वादग्रस्त गाणं, तालिबानकडून लढताना पकडल्या गेलेल्या अमेरिकन तरुणावरचं 'जॉन वॉकर्स ब्लूज', यात नाही. ते हवं असेल तर २००३ चा 'जस्ट अ‍ॅन अमेरिकन बॉय' बघा, तो बँडसकट आहे आणि त्यात बोलणंही भरपूर आहे. भाषणबाजीची भीती खरं तर तिथे बाळगा. २०२४ चा 'अलोन अगेन' हा त्याचा एकट्याचाच आणखी एक लाइव्ह अल्बम. त्यात जुनी लोकप्रिय गाणी जास्त, आवाज आणखी खरखरीत. 'गिटार टाउन' आणि 'गॉलवे गर्ल' ऐकायचं असेल तर तो बरा.

सुरुवात पहिल्या 'जेरुसलेम'पासून करू नका. थेट 'एलिस युनिट वन' लावा, मग 'रिच मॅन्स वॉर', मग शेवटचं 'ख्रिसमस इन वॉशिंग्टन', ज्यात तो दिवंगत लोकगायक वुडी गथ्रीला परत ये म्हणून साद घालतो. ते गाणं १९९६ च्या निवडणुकीनंतरचं, क्लिंटनच्या काळातलं आहे, बुशचा त्यात संबंधच नाही. हे तिन्ही आवडले नाहीत तर बाकीचा अल्बम सोडून दिलात तरी चालेल.