हिप-हॉप व्हिडिओंमध्ये बायका आधी नुसत्या मागे नाचायच्या आणि आता पुढे आल्या, हे खरं आहे का?

इतका सरळ क्रम लागत नाही. १९८९ मध्येच क्वीन लतीफा आणि मोनी लव्ह या रॅपर बायकांच्या ‘लेडीज फर्स्ट’च्या व्हिडिओत गुलामांची सुटका करणाऱ्या हॅरिएट टबमन, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या अँजेला डेव्हिस यांचे फोटो होते, दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाची दृश्यंही होती. बायका मागे ढकलल्या गेल्या त्या नंतर, नव्वदच्या दशकात बजेट वाढत गेलं तेव्हा. गाडी, बंगला, शॅम्पेन आणि बाई, सगळं श्रीमंती दाखवायचं सामान झालं.

व्हिडिओत बाई माणूस आहे की सामान, हे कपडे किती यावरून ठरवू नका. व्हिडिओ आवाज बंद करून दोनदा बघा. पहिल्यांदा बाईचा चेहरा किती शॉटमध्ये दिसतो आणि कॅमेरा मानेखालीच किती वेळा थांबतो, ते मोजा. दुसऱ्यांदा ओठ कुणाचे हलतात ते. वेग निम्मा ठेवा, नाहीतर सेकंदाच्या आतले कट निसटतात आणि बिनचेहऱ्याचे शॉट बरेचदा तिथेच असतात. टीव्हीसाठी कापलेली आवृत्ती घेऊ नका, आकडे फसवे येतात.

रॅपर मिसी एलियटचा ‘द रेन’ (१९९७) असा बघाच. अंगात फुगवलेला काळा चकचकीत सूट, समोर फिशआय लेन्स. त्या लेन्सने जवळची वस्तू फुगीर दिसते आणि सुटाखाली शरीराचा आकारच कळत नाही. नजर ठरते ती तिच्या चेहऱ्यावर. दिग्दर्शक हाइप विल्यम्स, म्हणजे त्या काळातल्या चकचकीत, महागड्या व्हिडिओंचाच माणूस. माझ्या मते इतकी अचूक युक्ती त्या दशकात दुसरी नाही.

दुसरं टोक म्हणजे नेली या पुरुष रॅपरचा ‘टिप ड्रिल’ (२००३). त्यात बाईच्या नितंबांमधून क्रेडिट कार्ड फिरवलंय. २००४ मध्ये त्याच्या संस्थेचं अस्थिमज्जा दात्यांसाठीचं शिबिर अटलांटाच्या स्पेलमन कॉलेजात होणार होतं. हे कृष्णवर्णीय मुलींचं कॉलेज. तिथल्या विद्यार्थिनींनी नेलीला या व्हिडिओचा जाब विचारायचं ठरवलं आणि संस्थेने शिबिरच रद्द केलं. ही हिंमत या इतिहासात ठळकपणे नोंदवायला हवी.

निकी मिनाजचा ‘अ‍ॅनाकोंडा’ (२०१४) आणि कार्डी बी-मेगन दी स्टॅलियनचा ‘वॅप’ (२०२०) यांवर वाद आहेत. पण वर सांगितलेली मोजणी लावा: ओठ बायकांचेच हलतात, चेहरे पूर्ण दिसतात, कॅमेऱ्याकडे रोखून बघतात. दोन्हींचा दिग्दर्शक मात्र कॉलिन टिली हा पुरुषच. म्हणून मोजणीच्या वहीत तिसरा रकाना दिग्दर्शकाच्या नावाचा ठेवा.