मेहुण्याच्या कर्जाला जामीन राहू का?

प्रश्न : वय ४४, साताऱ्यात खासगी कंपनीत नोकरी, हातात येणारा पगार ६८ हजार. गृहकर्जाचा हप्ता १९,४०० आणि एसआयपी ७ हजार. मुलीच्या शिक्षणासाठी म्युच्युअल फंडात साडेसहा लाख, अडीअडचणीसाठी तीन लाखांची एफडी. मुलगी अकरावीत, मुलगा सातवीत. मेहुण्याचं कऱ्हाडला गॅरेज आहे. नव्या यंत्रांसाठी तो पतसंस्थेकडून १० लाख घेतोय, १३ टक्के, पाच वर्षं. जामीनदार म्हणून माझी सही हवी आहे. बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी त्याने न मागता दीड लाख आणून दिले होते. ते मी फेडले, पण उपकार राहिलाच. बायको म्हणते, ‘तुम्हाला योग्य वाटेल ते करा.’ तुम्ही नको म्हणालात, तर त्याला तसं सांगायला मला सोपं जाईल.

उत्तर : नमस्कार. तुमचं शेवटचं वाक्य आधी घेतो. माझं मत ‘सही करू नका’ असंच आहे. पण ‘सल्लागाराने नको सांगितलं’ असा निरोप मेहुण्याला देऊ नका. माझ्या खांद्यावर बंदूक ठेवलीत तर आज तुम्ही सुटाल, पण दिवाळीत त्याच्या समोर बसायचंय ते तुम्हालाच. शिवाय माझं नाव पुढे केलंत की तो मलाच पटवायला फोन करेल. असे फोन येतात.

आता हिशोब. या कर्जाचा हप्ता साधारण २२,७५० रुपये बसतो. गृहकर्ज आणि एसआयपी वजा जाता तुमच्या घरखर्चाला ४१,६०० उरतात. मेहुण्याचे हप्ते थकले आणि ते तुमच्यावर आले तर उरतील १८,८५०. एसआयपी बंद केली तर २५,८५०. त्यात दोन मुलांचं शिक्षण आणि घर चालवून पाहा, कागदावरच. गॅरेज दोन वर्षं नीट चाललं आणि मग अडलं असं धरलं, तरी तेव्हा मुद्दल पावणेसात लाखांच्या आसपास बाकी असेल. मुलीचा फंड आज साडेसहा लाखांचा आहे. आणि ती कॉलेजात असेल, ती नेमकी तीच वर्षं.

‘आधी त्याच्याकडून वसूल करतील, मग माझ्याकडे येतील’ ही समजूत फार पसरलेली आहे. १८७२ च्या करार कायद्याचं कलम १२८ सांगतं की करारात वेगळं काही ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. पतसंस्थेसारख्या सहकारी संस्थेला तर दिवाणी दाव्यात वर्षं घालवावी लागत नाहीत. सहकार खात्याच्या निबंधकाकडून महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला मिळाला की वसुली अधिकारी कामाला लागतो. दोन जामीनदार असतील तर कायद्याने आपापसांत वाटा निम्मा-निम्मा, पण संस्था पूर्ण रक्कम एकाकडूनही मागू शकते. ज्याच्याकडे पगाराची स्लिप असते त्याच्याकडे संस्था आधी जाते. तुम्हाला बोलावलंय ते मुख्यतः त्या स्लिपसाठी.

मेहुण्याला एक प्रश्न जरूर विचारा : मुद्रा कर्ज (छोट्या व्यवसायांसाठीची सरकारी योजना) का नाही? त्यातल्या ‘तरुण’ नावाच्या गटात १० लाखांपर्यंत मिळतं आणि तारण लागत नाही. अर्जच केला नसेल तर आधी तो करू दे. बँकेने नाकारलं असेल तर कारण समजून घ्या. त्या कारणातून गॅरेजची खरी स्थिती तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली कळेल.

उपकाराचं काय? तो खरा आहे, त्याला खोटं ठरवायची गरज नाही. पण त्याने दिले ते स्वतःजवळचे दीड लाख, आणि किती जाऊ शकतात हे त्याला देतानाच माहीत होतं. तुम्हीही तसंच करू शकता. एफडीतून दीड लाख द्या, परत आले तर आले, असं मनाशी धरून. एफडी निम्मी होईल, ती पुन्हा भरायला वर्ष-दीड वर्ष लागेल. मला हे फारसं आवडत नाही, पण १० लाखांच्या सहीपेक्षा हे झेपणारं आहे.

बायकोच्या उत्तरावर मात्र विसंबू नका. तो तिचा सख्खा भाऊ आहे, ‘नको’ म्हणणं तिला जड जाणार. त्या वाक्याचा अर्थ होकारही होतो आणि नकारही, आणि पुढे काही बिघडलं तर ठपका तुमच्या एकट्यावर येतो. वरचे आकडे तिच्यासमोर ठेवा, दोघं मिळून ठरवा, आणि मेहुण्याकडे दोघं मिळूनच जा. सांगताना कायद्याची कलमं नकोत. ‘एवढी जबाबदारी आम्हाला झेपणार नाही, दीड लाख देऊ शकतो’ एवढं पुरे. तो रागावेल कदाचित, काही महिने बोलणारही नाही. ती किंमत धरूनच नकार द्या.

हे सगळं वाचूनही सही करावीशी वाटली, तर तोही तुमचा हक्क आहे. मग हे कर्ज आपणच काढलंय असं धरा आणि चार गोष्टींवर अडून बसा. मेहुण्याच्या नावावर १० लाखांचा टर्म विमा आधी निघू दे, कारण त्याचं काही बरंवाईट झालं तरी जामीन संपत नाही. सही केलेले कोरे चेक देऊ नका. जामीनदाराचा चेक वटला नाही तरी चेक न वटल्याबद्दलची कलम १३८ ची फौजदारी केस होऊ शकते. पगारातून कपातीचं संमतीपत्र पुढे आलं तर ते घरी आणून वाचा, काउंटरवर नाही. आणि करारनाम्याची प्रत स्वतःजवळ ठेवून दर तीन महिन्यांनी कर्जाचा खातेउतारा मागवा. पहिला हप्ता थकल्याचं मेहुण्याकडून कळेल असं धरून चालू नका.