वाचकांचे प्रश्न : मोकळा नकाशा की चौघांची पार्टी?

प्रश्न : ‘स्कायरिम’ आणि ‘बाल्डर्स गेट ३’ हे दोन्ही फँटसी रोल-प्लेइंग गेम. एकाला ओपन वर्ल्ड (मोकळं जग) म्हणतात, दुसऱ्याला पार्टी-बेस्ड (सोबत्यांच्या टोळीने खेळायचा). भटकायला तर दोन्हींत मिळतं. मग खरा फरक कुठे आहे?

उत्तर : शत्रूंची मांडणी कशाच्या भरवशावर केली आहे, तिथे. ‘स्कायरिम’मध्ये (२०११) सुरुवातीचा प्रसंग संपला की चारी दिशा मोकळ्या. कोण कुठल्या गुहेत कितव्या लेव्हलला शिरेल याचा अंदाज बांधता येत नाही, म्हणून बहुतेक ठिकाणचे शत्रू काही मर्यादेत तुमच्या लेव्हलनुसार बेतले जातात. ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये (२०२३) उलट. कोणता गॉब्लिन उंचावर, कोणता दारामागे, पेटणारं पिंप कुठे, सगळं आधीच हाताने रचलेलं. मारलेले शत्रू पुन्हा उगवत नाहीत, त्यामुळे एकाच जागी लढाया करत बसून अनुभवाचे गुण साठवता येत नाहीत, आणि लेव्हल १२ च्या वर जातच नाही.

म्हणून अडल्यावर काय करायचं, याचं उत्तर दोन्हीकडे वेगळं. ‘स्कायरिम’मध्ये पाठ फिरवायची, दुसरीकडे चार कामं करायची आणि मग परत यायचं. पार्टीच्या गेममध्ये तिथेच थांबून कोण कुठे उभा आहे, कुणाकडे कोणता मंत्र आहे, हे बदलायचं. एका प्रकाराची सवय घेऊन दुसऱ्यात गेलेले लोक पहिल्या दहा तासांत गेम सोडतात, त्याचं कारण बहुधा हेच असतं.

प्रश्न : ‘स्कायरिम’मध्ये लेव्हल २५ गाठली. लोहारकाम, किमया आणि बोलण्याची कला भरपूर वाढवली. तरी आता साधे लुटारूही दोन घावांत लोळवतात. लेव्हल वाढून माणूस दुबळा कसा होतो?

उत्तर : दुबळा होत नाही, मागे पडतो. गेममध्ये १८ कौशल्यं आहेत आणि त्यातलं कुठलंही वाढलं तरी लेव्हलकडे वाटचाल होते. शत्रू तुमची लेव्हल बघतात, ती तलवारीने कमावली की सौदेबाजीने याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. म्हणजे तुमच्यासमोर पंचविसाव्या लेव्हलचा शत्रू आहे आणि तुमचा हात अजून दहाव्या लेव्हलचा आहे.

दुरुस्ती अवघड नाही. एक शस्त्र आणि एकाच प्रकारचं चिलखत (हलकं किंवा जड) पक्कं करा आणि पुढचे पाच-सहा पर्क (कौशल्याला मिळणाऱ्या खास सवलती) फक्त त्या दोन कौशल्यांच्या झाडांत घाला. लेव्हलमागे एक पर्क मिळतो, शिवाय आरोग्य, जादू किंवा दमसास यांपैकी एकात १० ची भर. आरोग्य अजून १०० वरच असेल तर आधी तिकडे वळा. लोहारकाम वाया गेलेलं नाही. नवीन वस्तू घडवत बसण्यापेक्षा हातातली तलवार सहाणेवर आणि अंगातलं चिलखत कामाच्या टेबलावर सुधारून घ्या, फरक लगेच दिसतो. चिलखताचे चारही भाग अंगावर असताना आकडा ५६७ ला पोचला की ८० टक्के मार अडतो. त्यापुढे वाढवलेला आकडा नुसता शोभेचा.

आणखी एक बारकावा. गुहेची किंवा भुयाराची लेव्हल तुम्ही तिथे पहिल्यांदा पाऊल टाकता तेव्हा ठरते. त्यामुळे एखादी जागा जड गेली तर माघारी फिरून नंतर येणं खरोखर फायद्याचं असतं.

याआधीच्या ‘ऑब्लिव्हियन’मध्ये (२००६) हा दोष फार ठळक होता. वरच्या लेव्हलला रानातले लुटारू दुर्मीळ काचेचं चिलखत घालून फिरत. एवढा ऐवज अंगावर असताना वाटमारी कशासाठी, हे कोडं सुटत नाही.

प्रश्न : ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये पहिल्याच अंकात वारंवार मरतो आहोत. चौघांत कोण असावं? आणि निम्मे वार हुकतात ते का?

उत्तर : आधी वार हुकण्याचं बोलू, कारण खरी गळती तिथे आहे. प्रत्येक हल्ल्याला २० बाजूंचा फासा पडतो, त्यात पात्राच्या मुख्य गुणाचा बोनस मिळवला जातो आणि बेरीज शत्रूच्या संरक्षणाच्या आकड्याइतकी तरी व्हावी लागते. पात्र बनवताना ताकद, चपळाई अशा गुणांत वाटायला २७ पॉइंट मिळतात. ते सगळीकडे सारखे पसरलेत, की संपलं. मुख्य गुण, वरून मिळणाऱ्या +२ च्या भरीसकट, १६ किंवा १७ वर न्या. लढवय्याला ताकद, धनुर्धराला चपळाई, विझर्डला (पोथीतून मंत्र शिकणारा जादूगार) बुद्धी, क्लेरिकला (देवाच्या बळावर मंत्र म्हणणारा पुजारी) शहाणपण. चुकलं असेल तर तळावर येणाऱ्या विदर्स नावाच्या पात्राला १०० मोहरा द्या, तो क्लाससकट (म्हणजे पात्राच्या पेशासकट) सगळं नव्याने मांडू देतो.

दुसरं, उंची. खालच्यावर नेम धरलात तर हल्ल्याला +२, खालून वर मारलंत तर −२. म्हणजे माचावर चढण्यात एक चाल गेली तरी ती वसूल होते. धनुर्धराच्या दीड मीटरच्या आत शत्रू आला तर धनुर्धराला दोन फासे टाकून लहान आकडा घ्यावा लागतो. तेव्हा आधी सरका, मग बाण सोडा. आणि ज्या चिलखताचं प्रशिक्षण नाही ते कुणाला घालू नका. हल्ला बिघडतोच, शिवाय मंत्रही म्हणता येत नाही. विझर्डला जड चिलखत चढवून ‘मंत्र चालत नाहीत’ अशी तक्रार करणारे पुष्कळ आहेत.

आता माणसं. एक पुढे उभा राहणारा, एक क्लेरिक, एक मोठ्या क्षेत्रावर मारा करणारा जादूगार आणि एक कुलपं उघडणारा, सापळे ओळखणारा. क्लेरिकचा ‘ब्लेस’ हा मंत्र तिघांना प्रत्येक हल्ल्यात चार बाजूंच्या फाशाची भर देतो. पहिल्या चार-पाच लेव्हलमध्ये याच्या तोडीचं फारसं काही नाही. मात्र तो ‘एकाग्रते’चा मंत्र आहे. असा दुसरा मंत्र त्याच पात्राने म्हटला की पहिला सुटतो, आणि मार बसला तर एकाग्रता टिकवण्यासाठी फासा टाकावा लागतो. म्हणून ब्लेस टाकलेला क्लेरिक मागे ठेवा.

जखमी माणसाला लढाईत भरत बसू नका. ‘हीलिंग वर्ड’ हा बरं करणारा मंत्र कुणी कोसळेल तेव्हासाठी राखा. ते मुख्य चाल न खर्चता लांबून म्हणता येतं, आणि आरोग्याच्या एका गुणाने उठलेला माणूसही पूर्ण ताकदीनेच मारतो. औषधाची कुपी दोघांच्या मध्ये जमिनीवर फेकली तर दोघांनाही लागू पडते, हे गेम तुम्हाला आपणहून सांगत नाही.

विश्रांतीची कंजुषी नको. साधारण काठिण्यपातळीला रात्रभराच्या मुक्कामाला शिध्याचे ४० गुण लागतात आणि एवढा शिधा पोत्यांत, पेट्यांत सहज सापडतो. दोन मुक्कामांमध्ये दोन छोट्या विश्रांती फुकट. मुक्काम टाळत गेलात तर मंत्र तर संपतातच, शिवाय सोबत्यांचे तळावरचे कितीतरी संवाद तुटतात.

आणि बोलणी सुरू करण्याआधी पार्टी सुटी करा. एकाला पुढे धाडा, बाकी तिघं उंचावर किंवा आडोशाला. बोलणी फिसकटली तर ते जागेवरच असतात.

प्रश्न : ‘डिव्हिनिटी : ओरिजिनल सिन २’मध्ये दोन योद्धे, दोन जादूगार अशी समतोल पार्टी केली. तरी लढाया लांबतात.

उत्तर : हा समतोलच नडतो आहे. या गेममध्ये (२०१७) शत्रूला शारीरिक आणि जादुई अशी दोन वेगळी कवचं असतात. शारीरिक कवच संपल्याशिवाय तो आडवा पडत नाही, जादुई संपल्याशिवाय गोठत किंवा बधिर होत नाही. दोघांनी एक भिंत फोडायची, दोघांनी दुसरी, म्हणजे एकाच शत्रूवर दुप्पट मेहनत. तिघं शारीरिक आणि एक जादूगार अशी पार्टी करा. नाहीतर शिकार वाटून घ्या : पत्र्यात मढलेल्यांवर जादू, झगा घातलेल्यांवर तलवार. पहिला अंक संपल्यावर जहाजावर जो आरसा मिळतो, त्यात कौशल्यं हवी तितक्या वेळा, फुकट बदलता येतात.

प्रश्न : १९९८ चा मूळ ‘बाल्डर्स गेट’ सुरू केला. सहा जण एकदम धावतात, काय चाललंय कळत नाही. जादूगार पहिल्या बाणाला मरतो.

उत्तर : हा गेम टर्न-बेस्ड (आळीपाळीने चाल खेळायचा) नाही. वेळ चालू राहतो आणि तुम्ही स्पेसबारने थांबवता. सेटिंगमध्ये ऑटो-पॉज (गेम आपोआप थांबवण्याची सोय) शोधा आणि ‘शत्रू दिसल्यावर’, ‘शस्त्र निकामी झाल्यावर’ आणि ‘लक्ष्य मेल्यावर’ हे पर्याय चालू करा. निम्मा गोंधळ तिथेच मिटेल. पहिल्या लेव्हलच्या जादूगाराला जास्तीत जास्त ४ गुणांचं आरोग्य मिळतं, त्यावर प्रकृतीचा बोनस असला तर तेवढाच. त्याच्या हाती गोफण द्या, मागच्या रांगेत ठेवा आणि ‘स्लीप’ मंत्र शिकवा, सुरुवातीचे कोबोल्ड आणि गिबरलिंग घाऊक झोपतात. चिलखताचा आकडा इथे जितका कमी तितका चांगला. ‘थॅको’चंही (वार लागण्यासाठीचा आकडा) तेच.

प्रश्न : ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर यातलं काय चालेल?

उत्तर : ‘स्कायरिम स्पेशल एडिशन’ला ८ जीबी रॅम आणि १२ जीबी जागा पुरते. फक्त फ्रेमचा वेग सेकंदाला ६० वर बांधून ठेवा. त्याच्या वर गेला की वस्तूंच्या हालचालींचं गणित बिघडतं आणि टेबलावरची भांडी आपोआप उडतात. ‘बाल्डर्स गेट ३’लाही किमान ८ जीबी लिहिलं आहे, पण १५० जीबी जागा एसएसडीवर हवी आणि तिसऱ्या अंकातल्या गर्दीच्या शहरात ८ जीबीची दमछाक होते. १६ जीबी होईपर्यंत थांबा.

प्रश्न : मोकळं जगही हवं आणि सोबतीही. असा गेम आहे का?

उत्तर : ‘माइट अँड मॅजिक ६’ (१९९८) जुना आहे, पण चौघांना घेऊन हवं तिकडे जाता येतं. शत्रू तुमच्याशी जुळवून घेत नाहीत, त्यामुळे पळण्याची तयारी ठेवा. नव्या चेहऱ्याचा हवा असेल तर ‘ड्रॅगन्स डॉग्मा’ (२०१२). त्यात तुमच्यासोबत तीन ‘पॉन’ (सोबती) फिरतात आणि तेच आपापल्या बुद्धीने लढतात, तुम्ही फक्त ‘या’, ‘मदत करा’, ‘पुढे व्हा’ असे हुकूम देता. तुमचा स्वतःचा पॉन तुमच्याबरोबर वाढतो, पण भाड्याने घेतलेल्या दोघांची लेव्हल वाढत नाही. जीव जडला म्हणून त्यांना तसंच फिरवू नका, चार-पाच लेव्हल झाल्या की रिफ्टस्टोनपाशी (पॉन भाड्याने मिळतात त्या शिळेपाशी) जाऊन दोघं बदलून घ्या.