बॅग दादालाच भरू दे

प्रिय बाळ,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दादा दारू सोडायला व्यसनमुक्ती केंद्रात चाललाय, तर त्याच्या बॅगेत काय घालू, कपड्यांचे किती जोड देऊ, आई शेंगदाण्याचे लाडू द्यायचं म्हणते ते चालतील का. आणि अगदी शेवटी, बारीक अक्षरात: त्याला न सांगता जुना फोन कपड्यांच्या तळाशी ठेवू का? यादी मी देते. पण फोनचं उत्तर आधी घे. नाही. आणि बॅग तू भरायची नाहीस, ती दादा भरेल.

त्याचे हात थरथरतात, त्याला काही सुचत नाही, तो नुसता पलंगावर बसून राहतो, असं तू लिहिलंस. बसू दे. तू यादी वाच, तो एकेक वस्तू उचलून ठेवेल. अर्ध्या तासाचं काम तीन तास चालेल, चालू दे. आजवर त्याचं ताट झाकून ठेवणं, कामावर 'ताप आलाय' म्हणून कळवणं, टपरीवरची उधारी भागवणं, सगळं तुम्हीच केलंत. मायेनंच केलंत. पण केंद्रात बॅग उघडली की ती कुणी भरली ते लगेच कळतं. घरच्यांनी भरलेली असली की घड्या इस्त्रीच्या असतात आणि त्याला आपला टॉवेल कोणता तेही माहीत नसतं. तिसऱ्या रात्री झोप उडाली की तोच माणूस म्हणतो, 'मला इथं आणून टाकलं.' ज्यानं स्वतः भरली त्यालाही घर आठवतंच, पण तो स्वतःहून आलाय हे त्याला नाकारता येत नाही.

कपड्यांच्या आधी एक कागद. हा बॅगेतला सगळ्यात मोलाचा कागद आहे, आणि नेमका हाच कुणी आणत नाही. काय पितो (देशी, विदेशी, ताडी), रोज किती, मिलीलीटरमध्ये (देशीची एक क्वार्टर म्हणजे १८० मिली), किती वर्षांपासून. आधी कधी फिट आली होती का, कधी नसलेल्या गोष्टी दिसल्या-ऐकू आल्या का. झोपेच्या गोळ्या घेतो का, कोणत्या, किती. बीपी, शुगर, कावीळ, कुठल्या औषधाची ॲलर्जी. सगळ्यात खाली मोकळी जागा सोडा: शेवटचा घोट किती वाजता. ती निघायच्या दिवशी भरायची. लिहील तोच. अक्षर वेडंवाकडं येईल, ओळ खाली घसरेल, तरी तोच कागद द्या. पेन धरवलंच नाही तर तो सांगेल आणि तू लिही, पण तू तुझ्या मनानं आकडे कमी करू नकोस. घरचे लाजेपोटी 'कधीतरी घेतो' लिहितात आणि डॉक्टर त्या हिशोबानं औषध कमी देतात.

शेवटच्या घोटाची वेळ का, तर शेवटच्या घोटानंतर साधारण सहा तासांनी कंप, घाम, मळमळ सुरू होते. फिट यायची तर बहुधा पहिल्या ४८ तासांत येते. बरळणं, माणसं न ओळखणं, अंगावर किडे दिसणं हे दुसऱ्या ते चौथ्या दिवसात. यात जीव जाऊ शकतो. म्हणून 'जायच्या आधी चार दिवस घरीच बंद करून दाखव' अशी पैज घालू नका. किती प्यायची, कधी थांबायचं ते केंद्राच्या डॉक्टरला विचारा. झोपेच्या गोळ्याही मनानं एकदम तोडू नका, त्यानंही फिट येते. फिट आली किंवा बरळायला लागला तर दाखल व्हायच्या तारखेची वाट न बघता सरळ मोठ्या दवाखान्यात न्या. संभाजीनगरच्या घाटी या सरकारी रुग्णालयात, अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहेत.

आणि गावाकडे 'ताकदीची सलाईन' लावून पाठवायची पद्धत आहे ना, ती टाळा. रोज पिणाऱ्याच्या अंगात बी-१ जीवनसत्त्व खूप कमी असतं. ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. कुणी गुपचूप भाजीत कालवायला दारू सोडवायची गोळी सुचवली असेल तर तीही फेकून दे. ती पोटात असताना दारू गेली की बीपी एकदम कोसळू शकतो. त्याला न सांगता त्याचं काहीही करायचं नाही, मग ती गोळी असो की बॅग.

आता कपडे. रोजचे चार जोड, आतले सहा, एवढे पुरतात. धुणं तिथं बहुतेक स्वतःच धुवायचं असतं. पायजमा-ट्रॅक पँट इलॅस्टिकची, नाडीची नाही. नाडी, बेल्ट, लांब दोरी, हुडी हे जिवाच्या काळजीपोटी काढून घेतात, त्यात अपमान नाही. इलॅस्टिकचा दुसरा फायदा असा की भूक परत आली की महिन्याभरात जुनी पँट कमरेला आवळते. टॉवेल जाड नको, दोन पातळ पंचे द्या, रात्रीत वाळतात. थंडीत जाणार असेल तर स्वेटर, कानटोपी आणि स्वतःची एक चादर. पहिल्या आठवड्यात घामानं अंथरूण भिजतं, तेव्हा दुसरी चादर लागतेच.

चप्पल नीट बघ. अंगठ्याची सपाता नको. फार वर्षं पिणाऱ्यांच्या पायाला मुंग्या येतात, तळवा बधिर होतो, चप्पल कधी निसटली ते कळत नाही आणि माणूस ओल्या फरशीवर पडतो. मागे पट्टा असलेली सँडल घ्या, लेसचे बूट नकोत.

साबण, ब्रश, पेस्ट नवी, न उघडलेली. खोबरेल तेल प्लॅस्टिकच्या बाटलीत, काच काहीच नको, आरसासुद्धा. दाढीचं सामान आणि नेलकटर दिलं तरी ते कार्यालयात जमा राहील. आफ्टरशेव्ह, सेंट, माउथवॉश, सॅनिटायझर, खोकल्याचं औषध यांत अल्कोहोल असू शकतं, म्हणून ते सगळं घरीच. चालू औषधं मूळ पाकिटात, चिठ्ठीसह. डबीत सुट्ट्या गोळ्या आणल्या तर त्या घेत नाहीत आणि मग दोन दिवस बीपीची गोळी चुकते.

तंबाखूचं फोनवर आधीच विचारा. काही ठिकाणी पूर्ण बंद असते. तुझा दादा दिवसाला चार पुड्या चोळतो, तेही त्या कागदावर येऊ दे, नाही तर दुसऱ्या दिवशीची चिडचिड दारूची की तंबाखूची हेच कळत नाही. निकोटीनचा डिंक २ आणि ४ मिलीग्रॅमचा मिळतो, पण कोणता आणि किती ते डॉक्टर ठरवतील. पावडरच्या डब्यात, पँटच्या शिवणीत पुडी लपवून दिली तर ती तपासणीत सापडते. आणि ती सापडते तेव्हा त्याला मान खाली घालावी लागते, तुला नाही. लाडूंचंही तेच. बहुतेक केंद्रं घरचं खाणं घेत नाहीत. आईला सांग, भेटीच्या दिवशी विचारून आण.

वही दोनशे पानी, शिवलेली. तारेची स्पायरल नको. तिच्या पहिल्या पानावर चार-पाच फोन नंबर त्याच्या हातानं, कारण नंबर आता कुणाच्याच पाठ नसतात आणि फोन जमा होणार. आधार कार्डाच्या दोन प्रती, तीन फोटो, जुने रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड. अंगठी, गोफ, एटीएम कार्ड घरी. खर्चाचे पैसे कार्यालयात भरा आणि पावती घ्या. तो गेल्यावर मोबाइल, बँकेचे मेसेज, सोयाबीन विकल्याची पट्टी कोण बघणार, हे त्यानंच कुणाला तरी समोर बसवून सांगून जायचं. हेही बॅग भरण्यातच येतं.

केंद्र निवडताना लाजू नकोस. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी दाखवा म्हण. रात्री डॉक्टर असतो का विचार. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे जबरदस्तीनं मुंडण करता येत नाही, अंगमेहनत करायला लावता येत नाही, आणि स्वतःचे कपडे घालायचा त्याला हक्क आहे. 'कपडे लागत नाहीत, आम्ही देतो, तुम्ही फक्त सोडून जा' असं कुणी म्हणालं तर तिथं नेऊ नका. चौकशीसाठी १४४४६ ही नशामुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, मन फार खचलं तर टेली-मानसचा १४४१६. दाखल व्हायच्या कागदावर सही त्याची, समजून-उमजून केलेली. म्हणून वाटेत एसटी स्टँडवर 'शेवटची' म्हणून पोटभर पाजून आणू नका. त्या अवस्थेतली सही सही नसते.

मी कडक बोलतेय असं आईला वाटेल. वाटू दे. 'तुम्ही फक्त आणून सोडा, बाकी आम्ही बघतो' असं मीही कित्येक घरांना सांगत आले. तेव्हा तो दिलासा वाटायचा. ती माझी चूक होती, आणि तिचे परिणाम दुसऱ्यांनी भोगले. म्हणून आता या एका गोष्टीवर मी तसूभर हलत नाही. तुझ्या मायेवर मला शंका नाही ग. तुझे हात मोकळे राहिले पाहिजेत एवढंच.

एक राहिलंच. पोळा होऊ दे, मग गणपती, मग सोयाबीन निघू दे, मग दिवाळी, मग हरभरा पेरून होऊ दे. तारीख अशी सरकत जाते आणि भरलेली बॅग दाराआड धूळ खाते. तसं झालं तर तू ती रिकामी करू नकोस. त्यालाच करू दे, आणि कोणत्या तारखेला परत भरणार ते कॅलेंडरवर त्यालाच लिहू दे.

मंगळवारी दुपारी दोननंतर मी मोकळी आहे. फोन दादाला करायला सांग.

तुझी,
काकू