हाताने केलेल्या पत्रिकांसाठी एम्बॉसिंग पावडर कोणती घ्यावी?

तुमचा प्रश्न असा आहे: घरी दिवाळीची शुभेच्छापत्रं करता, आता ओळखीतल्यांच्या मुंज-बारशाच्या छोट्या ऑर्डरीही यायला लागल्यात. दुकानात एम्बॉसिंग पावडरच्या इतक्या बाटल्या दिसल्या की काहीच न घेता परत आलात. सुरुवातीला तीनच घ्यायच्या तर कोणत्या, हेअर ड्रायरवर भागेल का, आणि पोस्टातून पाठवल्यावर उठाव टिकेल का?

आधी थेट उत्तर देते. पारदर्शक बारीक, पांढरी अतिबारीक आणि सोनेरी (शक्यतो अतिबारीक, नाहीतर बारीक), या तीन घ्या. हेअर ड्रायरवर भागणार नाही. पोस्टात टिकेल, पण घडीची काळजी घ्यावी लागेल. आता या तीनच का, ते सांगते. कारण कळलं की चौथी बाटली तुमची तुम्हीच निवडाल.

ही पावडर म्हणजे रंगाची भुकटी नव्हे. उष्णतेने वितळणाऱ्या रेझिनचे ते बारीक कण असतात. ओल्या शाईवर ते चिकटतात, तापवले की वितळून एकमेकांत मिसळतात आणि थंड झाल्यावर कागदावर चकचकीत उठाव राहतो. छापखान्यात व्हिजिटिंग कार्डांवर आणि लग्नपत्रिकांवर बोटाला लागणारी उठावदार अक्षरं करतात, त्याला थर्मोग्राफी म्हणतात. तत्त्व तेच, फक्त तिथे कागद पट्ट्यावरून तापत्या बोगद्यातून जातो आणि आपण हीट गन, म्हणजे गरम हवा सोडणारं छोटं यंत्र, धरतो. (साच्यात दाबून कागदालाच उठाव आणतात ते ड्राय एम्बॉसिंग. त्याला पावडर लागत नाही. दुकानदार कधीकधी दोन्हींत गल्लत करतात, म्हणून मागताना ‘हीट एम्बॉसिंगची पावडर’ असं म्हणा.)

बाटली हातात घेतली की आपण पहिल्यांदा रंग बघतो. माझं कळकळीचं सांगणं आहे की आधी दाणा बघा. ढोबळमानाने तीन जाडी मिळतात. अतिबारीक, म्हणजे सुपरफाइन किंवा डिटेल, ही पिठीसाखरेसारखी असते. नेहमीची बारीक, म्हणजे रेग्युलर, ही रव्यासारखी. आणि अल्ट्रा थिक चांगली जाड, साखरेच्या दाण्याच्या जवळ जाणारी. दाणा जितका जाड तितका वितळल्यावर जास्त पसरतो आणि जास्त फुगतो. फुलाची मोठी पाकळी, भरीव कलश, जाड किनार असेल तर तो फुगवटा देखणा दिसतो. अक्षरं असतील तर तोच फुगवटा घात करतो.

देवनागरीत हे फार जाणवतं, आणि परदेशी व्हिडिओंत ते कोणी सांगत नाही, कारण त्यांची अक्षरं सुटी आणि मोकळी असतात. आपल्याकडे वर शिरोरेषा, तिच्यावर मात्रा-वेलांटी-अनुस्वार-रफार, खाली उकार, मध्ये जोडाक्षरं. माझ्या भाचीच्या लग्नाच्या 70 पत्रिका मी घरी केल्या होत्या. नावांचा रबरी शिक्का करून घेतला, सोनेरी पावडर घेतली ती रेग्युलर. पहिल्या दोन-तीन पत्रिका लांबून छान दिसल्या म्हणून मी चाळीसपर्यंत करत गेले. मग दिवसाच्या उजेडात नीट पाहिलं तर अनुस्वार वितळून शिरोरेषेला जाऊन चिकटलेला, ‘ष’चं पोट बुजलेलं आणि ‘श्री’ तर नुसता सोन्याचा ठिपका. लग्नपत्रिकेवर नाव वाचता येत नाही ही साधी चूक नाही. चाळीसही बाजूला ठेवल्या, अतिबारीक सोनेरी आणली आणि नव्याने केल्या. शिक्का तोच, शाई तीच, कागद तोच, पण रफारसुद्धा स्वच्छ उठला. तेव्हापासून अक्षराची उंची अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा कमी असली की मी अतिबारीकशिवाय दुसऱ्या बाटलीला हात लावत नाही.

तुमच्या ऑर्डरी मुंज-बारशाच्या आहेत, म्हणजे नावं आणि तारखा येणारच. त्यामुळे पांढरी अतिबारीकच घ्या आणि सोनेरीत ‘डिटेल’ मिळाली तर तीच घ्या. मिळाली नाही तर साधी बारीक चालेल, मग शिक्का थोडा मोठा करून घ्या. शिक्का करायला देताना आतच शाई भरलेला आपोआप उठणारा नको, लाकडी किंवा प्लास्टिकच्या मुठीचा साधा शिक्का हवा, असं स्पष्ट सांगा. त्या आपोआप उठणाऱ्या शिक्क्याची शाई लगेच वाळते आणि पावडर चिकटायला ओल उरत नाही.

आता रंगाकडे. पारदर्शक पावडर पहिली का घ्यायची? कारण ती एक बाटली म्हणजे तुमच्याकडच्या सगळ्या पिगमेंट शायांचे (कागदावर हळू वाळणाऱ्या, दाट शायांचे) उठावदार रंग. हिरव्या शाईत शिक्का मारला आणि वर पारदर्शक टाकली की हिरवा उठाव, केशरी मारला की केशरी. रंगीत पावडरी एकेक करून जमवण्यापेक्षा हे फार स्वस्त पडतं. शिवाय जलरंगाच्या कामात ती जादू करते. पांढऱ्या कागदावर रंगहीन शाईने रांगोळीचा ठसा उठवायचा, पारदर्शक पावडर टाकून तापवायचा आणि वरून निळा-जांभळा जलरंग फिरवायचा. वितळलेला भाग पाणी घेत नाही, रांगोळी कागदाच्या पांढऱ्या रंगात उजळून उठते. दिवाळीच्या पत्रांना मला याहून सुंदर काही माहीत नाही.

पांढरी ही सगळ्यांत अवघड पावडर आहे आणि तिथे पैसे वाचवू नयेत. गडद कागदावर ती पूर्ण झाकणारी, दुधासारखी दिसली पाहिजे. हलक्या प्रतीची पांढरी वितळल्यावर ताकासारखी पातळ दिसते, खालचा कागद डोकावतो. जास्त तापली तर पिवळीही पडते. मी रेंजर आणि वॉव या दोन कंपन्यांच्या, दोन्ही वापरल्या आहेत. पांढऱ्यात दोन्ही भरवशाच्या वाटल्या. वॉवची छोटी बाटली 15 मिलीची येते आणि शाईला चिकटते तेवढीच पावडर खर्च होत असल्याने, बाकीची परत बाटलीत जात असल्याने, ती दिसते त्यापेक्षा कितीतरी जास्त दिवस पुरते.

सोनेरीत पिवळं सोनं, तांबूस सोनं, फिकट शँपेन असे प्रकार आहेत आणि बाटलीतल्या भुकटीवरून वितळल्यानंतरचा रंग कळत नाही. शक्य असेल तर दुकानात वितळवलेला नमुना बघायला मागा. मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटला किंवा पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास खरेदीला जाल तेव्हा ज्या कागदावर काम करायचंय त्याचा तुकडा पर्समध्ये असू द्या. हळदी रंगाच्या कागदावर पिवळं सोनं हरवतं, तिथे तांबूस उठतं. कुंकवाच्या लाल रंगावर मात्र पिवळंच हवं.

चमकी घातलेली (ग्लिटर) पावडर सुरुवातीला घेऊ नका. तिच्यातली चमकी वितळत नाही, तिला धरून ठेवणारी पावडर तेवढी वितळते. त्यामुळे पृष्ठभाग खरखरीत राहतो आणि अक्षरांचा तर चेंदामेंदा होतो. मोत्यासारख्या झाकेची पावडर गडद कागदावर सुरेख, पांढऱ्यावर जवळजवळ अदृश्य. अल्ट्रा थिक मी पत्रिकांना वापरतच नाही, ती थरावर थर देऊन पदकं, लॉकेटं करायला चांगली.

शाईचं थोडक्यात. पिगमेंट शाई किंवा खास एम्बॉसिंगची रंगहीन शाई घ्या. व्हर्सामार्क नावाचा रंगहीन शाईचा पॅड बहुतेक सगळीकडे मिळतो. डाय इंक, म्हणजे पातळ रंगाची साधी शाई, कागदात लगेच मुरते, तिच्यावर पावडर कुठे चिकटेल, कुठे नाही. रंगहीन शाईचा एम्बॉसिंग पेनही मिळतो, त्याने हाताने नाव लिहून त्यावर पावडर टाकता येते. एकाच नावासाठी शिक्का करायचा खर्च वाचतो.

कागद 200 ते 300 जीएसएमचा (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन, म्हणजे जाडसर), गुळगुळीत. हातकागद मला मनापासून आवडतो, पुण्याच्या हातकागद संस्थेचा कागद मी वर्षानुवर्षं वापरते आहे. पण तो शाई पटकन पितो आणि त्याच्या खडबडीत अंगावर बारीक रेघ तुटते. म्हणून त्यावर मोठे, भरीव ठसेच उठवा, शिक्का मारल्या मारल्या पावडर टाका आणि बारीक मजकूर वेगळ्या गुळगुळीत पट्टीवर करून ती पट्टी चिकटवा. दिसायलाही ते जास्त नेटकं दिसतं.

हेअर ड्रायरने वारा जास्त आणि उष्णता कमी मिळते, वितळायच्या आत पावडर उडून जाते. हस्तकलेची छोटी हीट गन घ्या. हार्डवेअरच्या दुकानातली मोठी गन असेल तर सगळ्यांत कमी तापमानावर आणि बरीच लांबून वापरा, नाहीतर कागद करपतो. गन आधी दहा-पंधरा सेकंद रिकाम्या जागी तापू द्या, मग कागदापासून चार-पाच सेंटिमीटरवर आणा. पावडर एका कडेने चमकायला लागते, ती चमक पुढे सरकेल तशी गन पुढे न्या आणि सगळं चमकलं की त्याच क्षणी थांबा. कमी तापवलं तर दाणे रवाळ दिसतात, ते पुन्हा तापवून सुधारता येतं. जास्त तापवलं तर पावडर कागदात मुरते, उठाव बसतो आणि तेलकट डाग दिसतो. ते सुधारत नाही. कागद वाकायला लागला तर उलटून खालून तापवा.

काम करताना पंखा बंद, खिडकी उघडी. वितळताना थोडा वास येतो, तो कोंडू देऊ नका. गनचं तोंड बंद केल्यावरही बराच वेळ चटका देतं, घरात लहान मूल असेल तर ती उंचावरच थंड होऊ द्या.

आणि पावसाळा. तुमची पहिली पत्रं दिवाळीची आहेत, म्हणजे काम भाद्रपद-आश्विनात होणार आणि हवेत तेव्हाही दमटपणा असतो. दमट कागदावर आणि हाताच्या घामाच्या ठशांवर पावडर जिथे नको तिथे चिकटते. तापवल्यावर मग ठशाभोवती ठिपके ठिपके दिसतात, काळ्या कागदावर पांढरी असेल तर फारच. उपाय सोपा आहे: शिक्का मारण्याआधी कागदावरून गन एकदा हलकेच फिरवा, मग पातळ फडक्यात टाल्कम पावडर बांधून ती पुरचुंडी सगळीकडे टिपा, उरलेली फुंकून टाका. तरी चार कण राहिलेच तर तापवण्याआधी कोरड्या बारीक ब्रशने झटका. पावडर नेहमी कोऱ्या कागदावर ओता, त्याला मधोमध घडी घातलेली असली की उरलेली पावडर पन्हळीसारखी बाटलीत परत जाते. पांढरी आणि सोनेरी यांचे कागद वेगळे ठेवा. पांढऱ्या बाटलीत सोन्याचे चार कण गेले तर ते शेवटपर्यंत दिसत राहतात.

पोस्टाचं म्हणाल तर वितळून गार झालेला उठाव घट्ट असतो, नुसत्या घासण्याने निघत नाही. तो तडकतो घडीवर. म्हणून आधी कार्डाला घडी घाला, मग घडीपासून अर्धा-एक सेंटिमीटर सोडून शिक्का मारा. लिफाफ्यात उठावाच्या बाजूला पातळ बटर पेपर ठेवा आणि मागे एक जाड पुठ्ठा. माझी पत्रं अशी नागपूरपासून न्यू जर्सीपर्यंत सुखरूप गेली आहेत. लिफाफ्याच्या बाहेरच्या बाजूला मात्र उठाव करू नका, टपालाच्या यंत्रांत आणि गठ्ठ्यांत तो घासला जातो. पत्त्याच्या बाजूला साधी शाईच बरी.