तोंडी होकारावर गेलेली सहा वर्षे

ताई, प्रभूच्या नावात सलाम. तुम्ही लिहिले आहे की बी.डी., म्हणजे ईश्वरविज्ञानाची पदवी, पूर्ण करून तुम्ही घरच्या मंडळीत परतलात, पाळकसाहेबांनी रविवारची शाळा आणि महिला संघ तुमच्याकडे सोपवला, आणि उपासनेत उपदेश करण्याची परवानगी मागितली तेव्हा समितीतील एका वडीलधाऱ्या सदस्यांनी तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायातील बारावे वचन, म्हणजे स्त्रीने शिकवावे किंवा पुरुषावर अधिकार चालवावा अशी परवानगी मी देत नाही या अर्थाचे, वाचून दाखवले. त्या वचनाला काय उत्तर द्यावे, असे तुम्ही विचारले आहे. तुमचे लिखाण वाचताना माझे जुने दिवस जसेच्या तसे डोळ्यांपुढे उभे राहिले, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे. मी बायबलच्या मूळ भाषांची पंडित नाही, आणि प्रत्येक धर्मप्रांताचे, म्हणजे बिशपांच्या कार्यक्षेत्राचे, नियम वेगळे असतात, त्यामुळे माझे म्हणणे तुमच्या मंडळीच्या घटनेशी ताडून पाहिल्याशिवाय स्वीकारू नका.

मलाही हेच वचन वाचून दाखवले होते, आणि मीही त्याचे उत्तर शोधण्यात माझी उमेदीची वर्षे घालवली. उत्तर सापडलेही. परंतु माझी पाळकपदाची दीक्षा ज्या कारणाने अडली होती त्याचा त्या वचनाशी काही संबंध नव्हता, हे मला सहा वर्षांनी कळले.

तुमच्या मूळ प्रश्नाविषयी थोडेच लिहिते, कारण बी.डी. झालेल्या व्यक्तीला हे संदर्भ नवे नाहीत. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावे असे म्हणणारा पौल त्याच पत्राच्या अकराव्या अध्यायात प्रार्थना करणाऱ्या आणि संदेश देणाऱ्या स्त्रीने मस्तक कसे आच्छादावे ते सांगतो. मस्तक आच्छादून जी बोलते ती गप्प नसते, म्हणून चौदाव्या अध्यायातील आज्ञा सर्व काळच्या सर्व स्त्रियांना सरसकट लागू करता येत नाही, असे माझे ठाम मत आहे. तीमथ्याच्या पत्रात 'अधिकार चालवणे' या अर्थी जे ग्रीक क्रियापद आले आहे ते संपूर्ण नव्या करारात त्या एकाच ठिकाणी येते आणि त्याच्या नेमक्या अर्थाविषयी विद्वानांत आजही एकमत नाही. अशा एका शब्दावर निम्म्या मंडळीचे तोंड बंद करावे हे मला पटत नाही. प्रिस्किल्लेने पतीच्या बरोबरीने अपुल्लोसासारख्या वक्त्याला देवाचा मार्ग अधिक अचूकपणे समजावून दिला, आणि पुनरुत्थानाची वार्ता शिष्यांकडे सर्वप्रथम मरीया मग्दालियेच्या तोंडून गेली, हे त्या वडीलधाऱ्यांनाही माहीत असणार.

एका गोष्टीकडे मात्र तुमचे लक्ष वेधते, कारण ती खास आपल्या मराठी कानांची अडचण आहे. रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात किंख्रियेच्या मंडळीतील फिबीसाठी पौलाने जो ग्रीक शब्द वापरला आहे, तोच शब्द तो करिंथकरांच्या पत्रात स्वतःसाठी आणि अपुल्लोसासाठी वापरतो. मराठीत एकीकडे 'सेवक' आणि दुसरीकडे 'सेविका' आले, ते व्याकरणदृष्ट्या योग्यच आहे. परंतु 'सेवक' म्हटले की आपल्याला पाळक दिसतो आणि 'सेविका' म्हटले की मिशनच्या काळातील बायबल स्त्री दिसते, जी तुटपुंज्या पगारावर खेडोपाडी पायपीट करून घराघरांत वचन शिकवीत असे आणि रविवारी मात्र मागच्या बाकावर बसत असे. माझी आजी तशीच बायबल स्त्री होती. तिने शिकवलेल्या किती लोकांचा बाप्तिस्मा झाला याची मोजदाद कोणी ठेवली नाही, कारण नोंदवहीत नाव बाप्तिस्मा देणाऱ्याचे लिहिले जात असे.

आता मुख्य गोष्टीकडे येते. कोणी 'स्त्रीला परवानगी नाही' असे म्हटले तर ती मनाई शिकवणुकीची आहे, लिखित नियमाची आहे, की केवळ वहिवाटीची आहे, हे सर्वात आधी शोधा. रोमन कॅथलिक चर्चमध्ये ती शिकवणुकीची आहे; १९९४ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी स्त्रियांना याजकीय दीक्षा देण्याचा अधिकार चर्चला नाही असे जाहीर केले, आणि २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी वाचक आणि वेदीसेवक ही पदे स्त्रियांना विधिवत खुली केली तरी दीक्षेबाबतची भूमिका बदललेली नाही. वसईकडील एखाद्या भगिनीने मला हाच प्रश्न विचारला असता तर माझे उत्तर पूर्णपणे वेगळे झाले असते. ऑर्थोडॉक्स मंडळ्या आणि अनेक ब्रदरन सभाही विवेकबुद्धीने ही भूमिका धरतात. ती मला मान्य नसली तरी त्यांच्या श्रद्धेविषयी मी शंका घेत नाही.

तुम्ही मात्र उत्तर भारतीय मंडळीतील, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियामधील, असल्याचे लिहिले आहे. ही मंडळी २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्यांच्या ऐक्यातून स्थापन झाली आणि ती स्त्रियांना दीक्षा देते. दक्षिण भारतीय मंडळीतही अनेक वर्षांपासून स्त्री पाळक आहेत आणि २०१३ मध्ये तिथे पुष्पा ललिता या नंद्यालच्या बिशप झाल्या. अमेरिकेतील मेथडिस्टांनी स्त्रियांना पाळकपणाचे पूर्ण अधिकार १९५६ मध्येच दिले, तर इंग्लंडच्या चर्चमध्ये स्त्रियांची पहिली याजकीय दीक्षा १९९४ मध्ये झाली. याचा अर्थ असा की तुमच्या समितीतील सदस्य जे वचन वाचून दाखवत आहेत, त्यावर तुमच्या मंडळीने विचार करून निर्णय केव्हाच घेतलेला आहे. तो वाद नव्याने जिंकण्याची जबाबदारी तुमच्यावर नाही.

हे मला कोणी सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही. माझ्या धर्मप्रांताचे आणि संप्रदायाचे नाव मी मुद्दाम घेत नाही. आमच्याही घटनेत स्त्रीच्या दीक्षेला आडकाठी नव्हती एवढे पुरे. सेमिनरीतून परतल्यावर मी कार्यालयात गेले तेव्हा तेथील जबाबदार व्यक्तीने मला प्रेमाने बसवून घेतले, चहा दिला आणि सांगितले की, "तुम्ही कामाला लागा, पुढचे आम्ही पाहतो." मी कामाला लागले. महिला संघ, रविवारची शाळा, दवाखान्यातील भेटी, वस्तीवरील प्रार्थनासभा, आणि पाळकसाहेब परगावी गेले की उपदेशसुद्धा, हे सारे मी सहा वर्षे केले, आणि हाच माझा शिकाऊ सेवाकाळ, म्हणजे आपण ज्याला प्रोबेशन म्हणतो तो, असे मनोमन समजत राहिले. मला नेमणुकीचे पत्र मिळाले नव्हते आणि मी ते मागितलेही नव्हते. देवाच्या कामात कागद मागणे मला अविश्वासाचे वाटत होते.

त्याच काळात कोणीतरी तीमथ्याचे वचन पुढे केले आणि मी पेटून उठले. दोन वर्षे रात्री जागून मी त्या वचनावर तीस पानांचा लेख लिहिला आणि बिशपसाहेबांना पाठवला. लेख अभ्यासपूर्ण असून समितीपुढे ठेवण्यात येईल, असे उत्तर आले. तो खरोखरच ठेवला गेला. परंतु माझा अर्ज ठेवला गेला नाही, कारण माझा अर्ज असा कधी अस्तित्वातच नव्हता. स्थानिक समितीने माझ्या नावाची शिफारस करणारा ठराव केला होता, पण तो इतिवृत्तात लिहून झाल्यावर त्याची प्रत धर्मप्रांताकडे कोणी पाठवली नव्हती. कार्यालयाच्या आवक नोंदवहीत माझ्या नावाची एकही ओळ नव्हती. हे सर्व मला सातव्या वर्षी एका नव्या लिपिकाने दाखवले, आणि त्या दिवशी मी कार्यालयाच्या पायरीवर बसून खूप रडले.

माझ्याबरोबर शिकलेले बंधू तोवर प्रेसबिटर, म्हणजे पूर्ण दीक्षा मिळालेले पाळक, झाले होते. त्यांच्यापैकी कोणालाही आपला कागद स्वतः शोधावा लागला नव्हता, कारण त्यांची कागदपत्रे पुढे सरकतील याची काळजी कोणी ना कोणी घेत होते. माझी सहा वर्षे 'महिला कार्यकर्ती, मानधनावर' अशी धरली गेली. ती ना सेवाज्येष्ठतेत मोजली गेली, ना भविष्य निर्वाह निधीत. मला प्रोबेशन पहिल्या दिवसापासून सुरू करावे लागले, मग डिकन म्हणून, म्हणजे दीक्षेच्या पहिल्या पायरीवर, काळ गेला, आणि प्रेसबिटर म्हणून डोक्यावर हात ठेवले गेले तेव्हा ते पाहायला माझी आई या जगात नव्हती. त्या कार्यालयात कोणी माझ्याशी वैर केले असे मी म्हणत नाही. मला कोणी 'नाही' म्हटले असते तर मी त्याविरुद्ध दाद मागितली असती. सर्वांनी 'होय, होय' म्हटल्यामुळे दाद मागण्यासारखे माझ्या हाती काहीच उरले नाही. हे लिहितानाही मला त्रास होतो, आणि तुमच्या लिखाणातील "सध्या तोंडी परवानगी आहे" हे वाक्य वाचून तो अधिक झाला.

याच संदर्भात मला फ्लोरेन्स ली टिम-ओई यांची आठवण होते. युद्धकाळात मकावमधील मंडळीला याजक मिळत नव्हता म्हणून हाँगकाँगच्या बिशपांनी २५ जानेवारी १९४४ रोजी त्यांना दीक्षा दिली आणि त्या अँग्लिकन परंपरेतील पहिल्या स्त्री याजक ठरल्या. युद्ध संपल्यावर इतर बिशपांनी आक्षेप घेतला. आपल्या बिशपांवर पद सोडण्याची वेळ येऊ नये म्हणून १९४६ मध्ये त्यांनी याजक म्हणून काम करण्याचा परवाना परत केला, परंतु दीक्षा सोडली नाही. परवाना आणि दीक्षा यांतील हा फरक त्यांना स्पष्ट ठाऊक होता. पुढे १९७१ मध्ये हाँगकाँगमध्ये आणखी दोन स्त्रियांना दीक्षा मिळाली, तेव्हा त्यामागे त्यांची न सोडलेली दीक्षा उभी होती. आपल्याजवळ नेमके काय आहे आणि काय नाही, हे मी त्या सहा वर्षांत कधीही सांगू शकले नसते.

आपल्या मातीतील उदाहरण द्यायचे तर पंडिता रमाबाईंचे देते, कारण ते फारसे सांगितले जात नाही. १८८५ च्या सुमारास त्या इंग्लंडमध्ये चेल्टनहॅमला असताना त्यांनी तरुण पुरुषांना शिकवावे की नाही यावर भारतातील अनुभव असलेल्या बिशपांनी हरकत घेतली होती. त्यावर रमाबाईंनी लिहिले की आपल्या आईने किंवा आपण तरुणांना शिकवण्याला आपल्या वडिलांनी वा पतीने कधी हरकत घेतली नाही, मग इंग्रजांनी ती घ्यावी याचे नवल वाटते. 'आपल्या संस्कृतीत हे चालत नाही' असे तुम्हाला कोणी म्हटले तर रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्या घरातली ही गोष्ट अवश्य सांगा. पुढे याच रमाबाईंनी केडगावच्या मुक्ति मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण बायबल मराठीत आणले. त्यांना कोणतीही दीक्षा नव्हती. म्हणून दीक्षेशिवाय सेवा होत नाही असे मी कधीच म्हणणार नाही. परंतु रमाबाईंचे उदाहरण देऊन तुम्हाला कोणी दीक्षेवाचून समाधान मानायला सांगितले तर ते ऐकू नका.

विषय निघालाच आहे म्हणून आणखी एक सांगते. "एखाद्या पाळकाशी लग्न करा, म्हणजे सेवा आपोआप होईल," असे मला तीन वेळा सांगण्यात आले, आणि तुम्हालाही सांगितले जाईल. पाळकीणबाई होणे ही मानाची गोष्ट आहे आणि आपल्या मंडळ्या त्यांच्याच कष्टांवर उभ्या आहेत, पण त्या कष्टांना नेमणूक नसते, पगार नसतो आणि पती वारल्यावर पाळकगृहही राहत नाही. ज्यांना हा मार्ग प्रभूने दाखवला आहे त्यांनी तो अवश्य घ्यावा. दीक्षेच्या अर्जाला पर्याय म्हणून मात्र तो कोणी सुचवू नये.

दीक्षेनंतर सर्व सुरळीत होते असेही समजू नका. माझा उपदेश लोकांनी लवकर स्वीकारला; खरी अडचण प्रभुभोजनाच्या वेळी आली. माझ्या हातून भाकर घ्यायची नाही म्हणून काही कुटुंबे सहकारी पाळकांच्या बाजूला सरकत. मी त्याविषयी वेदीवरून एक शब्दही बोलले नाही, आजाऱ्यांच्या घरी प्रभुभोजन नेणे मात्र वाढवले, आणि अंथरुणाला खिळलेल्या वडीलधाऱ्यांनी माझ्या हातून ते घेतल्यानंतर त्यांच्या घरची माणसेही हळूहळू माझ्या बाजूला येऊ लागली. काही अजूनही येत नाहीत. दफनविधी मात्र आधीपासून शिकून घ्या, कारण कबरस्तानात ऐनवेळी पुस्तक चाळत बसणाऱ्या पाळकावरचा विश्वास उडतो, आणि स्त्री असेल तर तो अधिक लवकर उडतो.

तुमच्या समितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे असे तुम्ही लिहिले आहे. त्या सदस्यांना वचनावर उत्तर द्यायचे असेल तर नम्रपणे एकदा द्या आणि पुन्हा त्या वादात पडू नका. त्याआधी, याच आठवड्यात, दीक्षेसाठीच्या उमेदवारीचा अर्ज स्वतंत्र कागदावर लिहा. त्याला पदवीच्या आणि बाप्तिस्मा व दृढीकरणाच्या दाखल्यांच्या प्रती जोडा, आणि आजवर केलेल्या सेवेच्या तारखा लिहून त्यावर पाळकसाहेबांची सही घ्या. समितीने शिफारस केली तर ठरावाची साक्षांकित प्रत मागा आणि ती धर्मप्रांताच्या कार्यालयात स्वतः नेऊन द्या. तेथे कोणी चहा दिला तर आनंदाने घ्या, पण आवक क्रमांक आणि तारीख टाकलेली पोच हातात पडेपर्यंत खुर्चीवरून उठू नका.