आधी नाद, मग बोल
प्रिय मित्रा,

मेटलचे, म्हणजे हेवी मेटल या जड रॉक संगीताचे, बोल कळले नाहीत तर गाणं अर्धंच ऐकलं असं होतं का, हा तुझा प्रश्न. आधी नाद ऐक, मग बोल वाच, मग पुन्हा नादाकडे ये. बोल सोडू नकोस, पण त्यांच्यापासून सुरुवातही करू नकोस.

पहिल्या दोन वेळा काहीही समोर न ठेवता ऐक. मोबाइलवर ओळी सरकत असल्या की डोळे पुढे धावतात आणि रिफ (गिटारचा परत परत येणारा तुकडा) कुठे बदलली, डबल बेस (दोन्ही पायांनी वाजवलेला बेस ड्रम) कुठे सुरू झाला, हे निसटतं. ग्राउल, म्हणजे घशातून गुरगुरत गायलेले बोल, कळत नाही याला तुझं इंग्रजी जबाबदार नाही. शब्द ओळखू येतात ते मुख्यतः व्यंजनांमुळे, आणि त्यासाठी साधारण २ ते ४ किलोहर्ट्झचा पट्टा फार महत्त्वाचा असतो. डिस्टॉर्शन लावलेल्या (आवाज मुद्दाम खरखरीत केलेल्या) गिटारी आणि सिंबल्स (ड्रम्समधल्या धातूच्या थाळ्या) नेमकी तिथेच गर्दी करतात. आवाज वाढवून उपयोग नाही, गिटारही तेवढीच वाढते. इक्वलायझरमध्ये बेस ३ डेसिबल उतरवून बघ. गायक थोडा मोकळा होतो. हेडफोनचा आवाज मात्र आवरता ठेव, कान एकदा गेले की परत येत नाहीत.

तिसऱ्या वेळी बोल समोर घे. अल्बमसोबतची पुस्तिका सर्वांत विश्वासाची, नाहीतर बँडने स्वतः दिलेले बोल. आपोआप तयार होणारी सबटायटल्स ग्राउलपुढे साफ कोसळतात. चाहत्यांनी कानाने उतरवलेले बोल एका साइटवरून दुसरीवर जसेच्या तसे जातात, म्हणून तीन ठिकाणी तीच ओळ दिसली तरी ती बरोबर असेलच असं नाही. पेन्सिलीने दोनच खुणा कर: बोलणारा कुठे बदलतो आणि शब्द व संगीत एकत्र कुठे वळतं.

या दुसऱ्या खुणेसाठी मेटॅलिका या बँडचं १९८८ चं ‘वन’ हे गाणं घे. डाल्टन ट्रम्बो यांच्या १९३९ च्या कादंबरीवर ते बेतलेलं आहे. युद्धात हातपाय, दृष्टी, श्रवण, वाचा सगळं गमावलेला सैनिक, शुद्धीत, पण कोणाशी बोलायला काही साधनच नाही. गाणं स्वच्छ गिटारवर संथ सुरू होतं. पुढे ड्रम्स आणि गिटारी एकाच तालात मशीनगनसारख्या तुटक फैरी झाडू लागतात, आणि त्यावर येणारे बोलही तसेच तुटक होतात: सुरुंगाने काय काय नेलं त्याची नुसती यादी. बोल माहीत नसताना हा भाग जोरदार वाटतो, एवढंच. माहीत झाल्यावर आधीचा संथपणा असह्य होतो, कारण तो माणूस आत अडकलाय हे आता तुला ठाऊक असतं. आयर्न मेडन या बँडने १९८४ मध्ये इंग्रज कवी कोलरिजच्या एका खलाशावरच्या दीर्घकवितेवर तेरा मिनिटांहून मोठं गाणं केलं; त्यातला जहाजाच्या करकरीचा मधला भाग कथा माहीत नसेल तर कंटाळवाणा वाटेल.

सगळीकडे असं नसतं. मेशुगा या बँडचे बहुतेक बोल त्यांचा ड्रमर टोमास हाके लिहितो, आणि गायक येन्स किडमन ते आघातांवर ठोकल्यासारखे म्हणतो. तिथे आधी मात्रा मोज, अर्थ मागाहून बघ. आपण तराणा असाच ऐकतो.

ग्राउलला कान सरावायला मुंबईच्या डेमॉनिक रेझरेक्शन या बँडचा २०१७ चा ‘दशावतार’ हा अल्बम चांगला. मत्स्यापासून कल्कीपर्यंतच्या कथा तुला घरातूनच माहीत आहेत, त्यामुळे इंग्रजी शब्द पकडणं सोपं जातं.

एक ओळ उपटून निकाल देऊ नकोस. १९८५ मध्ये अमेरिकन सिनेटसमोर ट्विस्टेड सिस्टर या बँडच्या एका गाण्यावर हिंसक लैंगिकतेचा आरोप झाला. त्यांचा गायक डी स्नायडर याने तिथेच सांगितलं की ते घशाच्या शस्त्रक्रियेच्या भीतीबद्दल आहे. स्लेयर या बँडने १९८६ मध्ये छळछावणीत कैद्यांवर प्रयोग करणाऱ्या नाझी डॉक्टर योसेफ मेंगेलेवर गाणं केलं, तेव्हा अंगावर येणारं ते वर्णन म्हणजे समर्थन आहे असा ठपका आला. निषेधाचं वाक्य नाही म्हणून समर्थन ठरत नाही, हे ओळखायला पूर्ण गाणं वाचावं लागतं.

पण ब्लॅक मेटल या मेटलच्या एका उपप्रकारात काही बँड खरोखरच नाझी विचार पसरवतात, आणि त्यांचे बोल ऐकून कळणं जवळजवळ अशक्य असतं. कधी ते छापलेलेही नसतात. अशा वेळी मुलाखती, मुखपृष्ठावरची चिन्हं, रेकॉर्ड कंपनीचे इतर बँड, हे टी-शर्ट किंवा रेकॉर्ड घेण्याआधी तपास. ‘मी फक्त संगीत ऐकतो’ हे उत्तर इथे मला मान्य नाही. तुझे पैसे त्यांच्यापर्यंत पोचतात.

चौथ्या वेळी कागद बाजूला ठेव. खुणा केलेल्या जागा आल्या की आता कागद न बघताही कळतात का ते बघ. ‘वन’पासूनच सुरू कर, आणि खुणांचा कागद मला पाठव, फैरी सुरू होण्याआधी तू कुठे खूण केलीस ते मला बघायचं आहे.

तुझा,
एक जुना श्रोता